वाल्व की ट्रान्झिस्टर? आधी भोंग्याला विचारा

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि साउंड सर्व्हिसवाल्यांच्या कमाईचे महिनेही सुरू होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत हा धंदा करणारे आपलेही कारागीर बंधू आहेत. कोणी मंडप आणि साउंड दोन्ही सांभाळतो, कोणी फक्त दुरुस्तीचे दुकान चालवतो. नाटक, लग्न, शंकरपट, ग्रामपंचायतीची सभा, शाळेचे संमेलन, मशिदीचा भोंगा, असे गिऱ्हाईक कोणतेही असो, काम एकच. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे.

या धंद्यात एक नुकसान आम्ही वारंवार होताना पाहतो. जुने वाल्वचे मशीन भंगारच्या भावात जाते, नवे मशीन हप्त्यावर येते आणि पहिल्याच हंगामात भोंग्यांची युनिटे जळतात. मग दोष मशीनला दिला जातो. आमच्या अनुभवात दहापैकी आठ वेळा दोष मशीनचा नसतो, जोडणीचा असतो. म्हणून या वेळी व्यापार-उद्योगाच्या पानावर अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी कशी जमवावी, याविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

एटापल्लीकडचा प्रश्न

सूरजागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका तरुण कारागिराने आम्हांला थांबवले. वडिलांचा साउंडचा धंदा तो चालवतो. त्याची अडचण त्याच्याच शब्दांत अशी होती.

"चाचा, अब्बांचे वाल्वचे मशीन वीस वर्षे चालले, एक युनिट जळाले नाही. मी हजार वॅटचे नवे घेतले. एका लग्नात चारही भोंगे गेले. भाडे मिळाले नाही ते वेगळेच, वर हप्ता सुरू आहे. आता नागपूरचा एक शौकीन माणूस अब्बांचे मशीन मागतो. त्याला ऐकवायला मी घरचे म्युझिक सिस्टिमचे स्पीकर लावले, तर आवाज दबका आणि घुमणारा आला. तो म्हणाला, मशीन मेले आहे, भंगाराच्या भावात दे. देऊन टाकू का?"

प्रश्न एका माणसाचा असला तरी त्यात तीन चुका आहेत आणि त्या तिन्ही आपल्या धंद्यात सर्रास होतात. पहिली, वॅटच्या आकड्यावर विश्वास. दुसरी, ओहमकडे दुर्लक्ष. तिसरी, स्पीकर किती कमी ताकदीत किती आवाज देतो हे न पाहणे.

ज्या भागात तो काम करतो तो भागही लक्षात घ्यावा. सूरजागड हे नाव हल्ली लोहखनिजामुळे वर्तमानपत्रांत येते. खाणीचा पट्टा २००७ साली दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे खनिज वाहून नेणारी अनेक वाहने नक्षलवाद्यांनी जाळली. २०२१ पासून खाणकाम पुन्हा जोराने सुरू झाले. त्याच डोंगरावर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाची यात्रा दरवर्षी जानेवारीत भरते. आसपासच्या इलाक्यांतली माणसे तेथे जमतात आणि जंगल-जमिनीच्या प्रश्नावर बोलतातही. साउंडवाल्याला कधी ठेकेदाराचे काम मिळते, कधी ग्रामसभेचे. त्याने कोणाची बाजू घ्यावी हा आमचा विषय नाही. पण बोलणाऱ्याचा शब्द घुमून गेला आणि मागच्या माणसाने भलतेच ऐकले, तर ते नुकसान भाड्यात मोजता येत नाही.

दोन मशीन, दोन स्वभाव

वाल्व म्हणजे आतून हवा काढलेली काचेची नळी. तापलेल्या तंतूजवळून निघालेले इलेक्ट्रॉन त्यातून धावतात. तिला तीनशे-चारशे व्होल्टचा दाब लागतो, पण तिच्यातून विजेचा प्रवाह थोडाच जातो. उलट स्पीकरच्या कॉइलला दाब थोडा आणि प्रवाह भरपूर हवा असतो. या दोघांचे थेट जमत नाही. त्यांच्यामध्ये दुभाष्या लागतो, तो म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

समजा, वाल्वच्या जोडीला ५,००० ओहमचा भार हवा आहे आणि स्पीकर ८ ओहमचा आहे. ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५. त्याचे वर्गमूळ २५. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २५ वेढे, तर दुसऱ्या बाजूला १ वेढा, हे प्रमाण झाले. म्हणूनच जुन्या मशीनच्या मागे ४, ८ आणि १६ ओहम असे वेगवेगळे टॅप दिलेले असतात. ८ च्या टॅपवर ४ ओहमचा स्पीकर लावला, की वाल्वला ५,००० च्या जागी २,५०० ओहमच दिसतात. मग ताकद घटते, आवाज फाटतो आणि वाल्वचे आयुष्यही कमी होते.

ट्रान्झिस्टर कमी दाबावर भरपूर प्रवाह देतो, त्यामुळे बहुतेक मशीनमध्ये हा दुभाष्या लागत नाही. त्याला टॅप निवडण्याची कटकट नाही. ८ ओहमवर १०० वॅट देणारे चांगले मशीन ४ ओहमवर दुपटीच्या जवळपास देते. पण त्याचीही एक हद्द असते. मागे 'किमान ४ ओहम' असे छापलेले असेल, तर त्याखाली जाऊ नये. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि चार जोडले की २ ओहम. दोन ओहमवर सामान्य मशीनचे आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात आणि जातात.

आम्ही ज्या दुकानात हे काम शिकलो तेथील उस्ताद एक वाक्य नेहमी सांगत. "वाल्वला उपाशी ठेवू नको आणि ट्रान्झिस्टरला अपचन करू नको." याचा अर्थ असा, की आवाज चालू असताना वाल्वच्या मशीनचा स्पीकर कधी काढू नये. भार नाहीसा झाला की ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब भलताच चढतो, आतले इन्शुलेशन फुटते आणि ठिणगी पडते. ट्रान्झिस्टरचे याच्या उलट आहे. स्पीकर काढला तर त्याला काही होत नाही, पण दोन तारा एकमेकींना चिकटल्या की तो क्षणात जातो.

हे वाक्य आम्ही ऐकले होते, पण समजलो नव्हतो. १९८० च्या दशकात ब्रह्मपुरीकडच्या एका नाटकाला, ऐन दुसऱ्या अंकात, भोंग्याची दिशा बदलायची म्हणून आम्ही तार सोडवली. मशीन चालू, हार्मोनियम चालू. आतून 'चट' असा आवाज आला आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. नाटक तासभर खोळंबले. नटांनी शेवटी बिनमाइकचा प्रवेश केला. उस्तादांनी आमचा पगार कापला नाही. त्यांनी तो ट्रान्सफॉर्मर समोर ठेवला आणि वेढे मोजत मोजत पुन्हा गुंडाळायला लावला. त्याला आठ दिवस लागले. त्यानंतर चालू मशीनची तार आम्ही कधी सोडवली नाही.

चार भोंगे का जळाले?

आता त्या तरुणाचा हिशेब करू. त्याचे चार भोंगे, प्रत्येकाचे युनिट १६ ओहम आणि ३० वॅटचे. चारही समांतर जोडले, म्हणजे एकूण ४ ओहम. वडिलांचे मशीन दोन ईएल ३४ वाल्वचे, सुमारे ४० वॅटचे. ते ४ ओहमच्या टॅपवर जोडलेले होते. ४० वॅट चौघांत वाटले, म्हणजे प्रत्येकाला १० वॅट. ३० वॅटच्या युनिटला १० वॅट म्हणजे आरामाचे काम. वीस वर्षे एकही युनिट जळाले नाही यात नवल नाही.

नवे मशीन 'हजार वॅट'चे. आम्ही मोजले, तर ४ ओहमवर ते खरे सुमारे २०० वॅट देत होते. चौघांत वाटले तरी प्रत्येकाला ५० वॅट. त्यातच गाणी डीजेची, आवाजाची कळ टोकाला. ट्रान्झिस्टरची ताकद संपली की तो आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापतो. अशा कापलेल्या लाटेत साध्या लाटेच्या दुपटीपर्यंत ताकद असू शकते. वाल्वही कापतो, पण हळूहळू कापतो आणि आवाज फाटू लागल्याचे कानाला आधी कळते.

याहून मोठे कारण वेगळेच होते. भोंगा हा बोलण्यासाठी आणि सनई-हार्मोनियमसारख्या आवाजासाठी बनवलेला असतो. ढोलाचा खालचा ठोका त्याच्या आवाक्याबाहेरचा. तो ठोका आला की भोंग्यातली हवा पडद्याला आधार देत नाही आणि पडदा वेडावाकडा हलतो. पडदा फाटतो, नाहीतर कॉइल घासून तुटते. याला उपाय स्वस्त आहे. १६ ओहमच्या युनिटच्या तारेत ३३ मायक्रोफॅरॅडचा बिनध्रुवीय कपॅसिटर मालिकेत जोडला, की ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज अडू लागतो. बोलण्यात त्यामुळे काही कमी पडत नाही. एका चहा-नाश्त्याच्या खर्चाची ही वस्तू त्या रात्री लावलेली असती, तर चार युनिटे वाचण्याचा पुष्कळ संभव होता.

आणि एवढे करून मिळाले काय? १० वॅटऐवजी ५० वॅट दिले तर आवाज ७ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणजे चार युनिटे जाळून आवाज दुप्पटही झाला नव्हता.

मापात पाप

हजार वॅट हा आकडा आला कोठून? टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिमच्या डब्यांवर पूर्वी 'पीएमपीओ' असे लिहून मोठमोठे आकडे छापत. ती क्षणभराच्या फुगीर ताकदीची गोष्ट असते आणि ती मोजण्याची कोणतीही एक मान्य पद्धत नाही. विकत घेताना आणि विकताना 'आरएमएस' वॅट किती आणि तो कोणत्या ओहमवर, हेच विचारावे. तराजूत दांडी मारणे आणि डब्यावर खोटा वॅट लिहून माल खपवणे यांत आम्हांला फरक दिसत नाही. आपल्या दुकानातून गेलेल्या मशीनवर खरा आकडा चिकटवून द्यावा. गिऱ्हाईक एकदा कुरकुर करेल, पण पुढच्या वर्षी परत येईल.

वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा स्पीकरच्या कागदावर असतो आणि तो कोणी वाचत नाही. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हा तो आकडा. घरगुती स्पीकरचा हा आकडा बहुधा ८६ च्या आसपास असतो आणि चांगल्या भोंग्याचा १०६ किंवा त्याहून जास्त. या २० डेसिबलच्या फरकाचा अर्थ असा, की भोंगा एका वॅटवर जेवढा आवाज देतो, तेवढ्यासाठी घरच्या स्पीकरला १०० वॅट लागतात.

नागपूरच्या गिऱ्हाइकापुढे मशीन 'मेलेले' का ठरले, ते आता कळेल. ४० वॅटच्या मशीनला ८६ चा स्पीकर लावला, तोही ४ ओहमचा आणि १६ ओहमच्या टॅपवर. वाल्वच्या मशीनचा अंगचा अडथळा ट्रान्झिस्टरपेक्षा पुष्कळ जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या पडद्यावर त्याची पकड ढिली राहते. स्पीकरचे ओहम सर्व सुरांना सारखे नसतात. खालच्या एका सुरावर ८ ओहमचा स्पीकर ३०-४० ओहमपर्यंत चढतो. पकड ढिली असेल तर नेमका तोच सूर घुमतो. आम्ही तेथेच तार ४ च्या टॅपवर लावली. आवाज मोकळा झाला, घुमणे पुष्कळ कमी झाले. मशीन जिवंत होते.

घरी बसून ऐकणाऱ्या शौकीन माणसाने वाल्वच्या मशीनला ९० च्या वरचे, ८ किंवा १६ ओहमचे आणि ओहम फार वरखाली न होणारे स्पीकर लावावेत. ८५-८६ चे, ४ ओहमचे, बंद पेटीतले स्पीकर ट्रान्झिस्टरला द्यावेत. वाल्वचा आवाज 'गोड' की ट्रान्झिस्टरचा 'खरा', हा वाद जगभर चालू आहे. आमचे मत एवढेच, की चुकीच्या जोडीत दोन्ही बेसूर लागतात.

लांब तार, थोडा आवाज

जंगलातल्या कामाला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे तारेची लांबी. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने ५० मीटरवर भोंगे लावले, तर जाऊन-येऊन १०० मीटर तार झाली. तिचा अडथळा सुमारे सव्वा ओहम. ४ ओहमच्या भाराला मिळायची ती १०० वॅटची ताकद घटून सुमारे ६० वॅट उरते. बाकीची काही तारेत उष्णता होऊन जाते, काही मशीनमधून निघतच नाही.

म्हणून सभेच्या कामाला १०० व्होल्टची लाइन वापरावी. प्रत्येक भोंग्यापाशी लाइन ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर १०, २०, ३० वॅटचे टॅप असतात. त्याच तारेत नुकसान दोन टक्क्यांच्या आत राहते. हिशेबही सोपा. चार भोंगे २० च्या टॅपवर, म्हणजे ८० वॅट. मशीन १०० वॅटचे असावे, वीस टक्के हात राखून. ओहमची बेरीज-वजाबाकी करावीच लागत नाही.

यात्रेच्या मैदानावर वीज कमी-जास्त होते, कधी जनरेटर, कधी गाडीची बॅटरी. वाल्वचा तंतू ६.३ व्होल्टवर तापायला हवा. वीज पडली की तो निस्तेज होतो. बॅटरीवर वाल्व चालवायचे तर दाब चढवणारे वेगळे यंत्र लागते. ट्रान्झिस्टर १२ व्होल्टवर थेट चालतो. जंगलात ट्रान्झिस्टरने वाल्वला मागे टाकले ते आवाजामुळे नव्हे, बॅटरीमुळे. तेव्हा सूरजागडसारख्या ठिकाणी ट्रान्झिस्टरचे मशीन, १०० व्होल्टची लाइन आणि भोंगे हीच जोडी योग्य. बोलण्यातली व्यंजने २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येतात. म्हणून बासची कळ खाली ठेवावी. माडिया असो की मराठी, शब्द तेथेच उलगडतो.

नाटकाच्या कामाला मात्र गाणेही असते. वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी नाटकांचे मुख्य केंद्र. तेथील रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा नाटकाला भोंगे बोलण्यापुरते ठेवून संगीतासाठी ८ ओहमच्या दोन पेट्या वेगळ्या मशीनवर द्याव्यात.

कायद्याचीही आठवण ठेवावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. परवानगी मंडळाने घ्यायची असली तरी मशीन आपले जप्त होते. बयाणा घेण्याआधी कागद पाहावा.

जुने मशीन विकावे का?

वाल्वच्या मशीनने या देशात मोठे काम केले आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा शब्द लोकांपर्यंत पोचवणारे कर्णे शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांचे होते. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून वाल्व बनू लागले. आज ते मुख्यतः चीन, रशिया आणि स्लोवाकियात बनतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात अडवली, तेव्हा जगभर भावाची धास्ती पसरली. म्हणजे मागणी मेलेली नाही.

म्हणून जुने मशीन किलोवर देऊ नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर मशीनचा जीव शाबूत आहे. वर्षानुवर्षे बंद असलेले मशीन थेट प्लगला लावू नये. १०० वॅटचा बल्ब मालिकेत लावूनच सुरू करावे. वीजपुरवठ्याचे जुने कपॅसिटर बदलावेत, मग वाल्वचा बायस तपासावा. आणि एक ताकीद. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट राहू शकतात. १०,००० ओहमच्या, पाच वॅटच्या रेझिस्टरने ते रिकामे करून, मीटरने पाहूनच आत हात घालावा. या कामात घाईची किंमत जिवाने द्यावी लागते.

त्या तरुणाला आम्ही सांगितले ते असे. नवे मशीन परत जाणार नाही, तर ते २०० वॅटचे आहे असे समजून वापर. त्यावर ८ ओहमच्या दोन पेट्या लाव आणि मशीनची कळ अर्ध्याच्या वर नेऊ नकोस. भोंग्यांना नवी युनिटे आणि कपॅसिटर लाव. सभेसाठी १०० व्होल्टचे, बॅटरीवर चालणारे मशीन सेकंडहँड शोध. वडिलांचे मशीन आधी दुरुस्त कर, योग्य टॅपवर चांगला स्पीकर लावून गिऱ्हाइकाला ऐकव, मग भाव बोल. विकायचे की नाही, हे तुझ्या घरात ठरू दे.

महिन्याभराने त्याचा निरोप आला. कपॅसिटर बदलून झाले होते, मशीन सुरू होते आणि भाव पहिल्यापेक्षा बराच वर गेला होता. गिऱ्हाइकाला अजून होकार दिलेला नाही. अब्बा रोज संध्याकाळी त्यावर रेडिओ ऐकतात, एवढेच कारण त्याने कळवले.